आत्याचा गुडघा आणि तीन अंश

"रोबो गुडघा बसवणार" ही बातमी पोलादपूरच्या वरच्या अंगाला असलेल्या आमच्या आत्याच्या वाडीत पोचायला फार वेळ लागला नाही. आतेभावाने मुंबईहून फोनवर सांगितलं, शेजारच्या काकींनी ते ऐकलं, संध्याकाळपर्यंत देवळापर्यंत गेलं. ज्याला त्याला आपापलं कुतूहल. रोबो कापतो का? डॉक्टर तेव्हा कुठे असतो? लाईट गेली तर? (हा शेवटचा प्रश्न पोलादपूरला अत्यंत रास्त आहे.) आत्याचा प्रश्न मात्र एकच होता. "त्याला आपला उतार ठाऊक हाय का?"

उतार म्हणजे काय ते सांगायला हवं. पोलादपूर सोडून महाबळेश्वरकडे निघालं की आंबेनळी घाटाच्या आधीच डोंगराच्या अंगाखांद्यावर वाड्या दिसायला लागतात. आत्याचं घर अशाच एका वाडीत, डांबरी रस्त्यापासून वीसेक मिनिटं वर. चढताना धाप लागते आणि उतरताना गुडघे बोलतात. भात खालच्या खाचरांत, नाचणी-वरी वरच्या वरकस जमिनीत, मध्ये गवताचे भारे. लग्न होऊन आल्यापासून अडुसष्टाव्या वर्षापर्यंत तिने हा उतार किती वेळा केला असेल याचा हिशोब मी एकदा करायला घेतला होता, पण सोडून दिला. दोन्ही पाय गुडघ्यापाशी धनुष्यासारखे बाहेर वाकलेले, आतल्या बाजूची कूर्चा संपलेली, हाडावर हाड. महाडच्या डॉक्टरांनी एक्सरे बघून सांगितलं, आता गोळ्यांनी भागणार नाही.

मी यात ओढला गेलो ते "तुला कंप्युटरचं कळतं ना" या पात्रतेवर. मुंबईकडच्या एका हॉस्पिटलने (नाव महत्त्वाचं नाही) रोबोटिकसाठी नेहमीच्या खर्चावर दीड लाख जास्त सांगितले होते. आतेभावाची खासगी नोकरी, पीएफमधून पैसे काढायचे होते. दीड लाख कशासाठी, आणि त्यातून आत्याला काय मिळणार, एवढं शोधून दे म्हणाला. मग दोन-तीन विकांत त्यातच गेले. हापिसातला डीबगिंगचा अनुभव इथे उपयोगी पडेल असं वाटलं नव्हतं, पण पडला.

आपल्याकडे सांधेरोपण हा शब्द घराघरांत पोचला तो अटलजींमुळे. २००० च्या ऑक्टोबरात मुंबईच्या ब्रीच कँडीत तेव्हाचे पंतप्रधान वाजपेयी यांचा डावा गुडघा बदलला, २००१ च्या जूनमध्ये उजवा. न्यूयॉर्कहून डॉ. चित्तरंजन राणावत आले होते. 'बदलला' म्हटलं की अख्खा गुडघा काढून नवा लावला असं वाटतं. प्रत्यक्षात मांडीच्या हाडाचं खालचं टोक आणि नडगीचं वरचं टोक काही मिलीमीटर कापतात, वर धातूची टोपी आणि खाली धातूची बैठक बसवतात, मध्ये प्लॅस्टिकचा तुकडा. म्हणजे मुळात सुतारकाम. सगळा खेळ कापाच्या कोनाचा.

कोन कशाच्या संदर्भात? खुब्याच्या मध्यापासून घोट्याच्या मध्यापर्यंत रेघ ओढली तर ती गुडघ्याच्या मध्यातून जायला हवी, असा वर्षानुवर्षांचा दंडक. तीन अंश इकडेतिकडे चालतात. ४० सेंटीमीटर लांबीच्या हाडावर ३ अंश म्हणजे दुसऱ्या टोकाला साधारण २ सेंटीमीटर. ऐकायला पुष्कळ वाटतं, पण मांडी उघडलेली नसते. सर्जनसमोर फक्त गुडघा असतो, खुबा चादरीखाली, आत कुठेतरी खोल. जो बिंदू दिसतच नाही त्याच्या संदर्भात काटकोनात कापायचं!

पारंपरिक उपाय असा: मांडीचं हाड पोकळ असतं, त्यात खालून एक लांब सळई घालायची. सळई हाडाच्या दांड्याची दिशा सांगते. खुब्याचा मध्य त्या दिशेपासून साधारण ५ ते ७ अंश आत असतो, म्हणून तेवढा कोन धरून कापायचं. हे वाचलं आणि मी हसलो. हार्डकोडेड कॉन्स्टंट! आमच्याकडे कोड रिव्ह्यूमध्ये अशा आकड्यावर पहिली लाल खूण पडते. पण दुसऱ्या बाजूने बघितलं तर या आकड्यावर जगभर लाखो गुडघे बसले आणि बहुतेक चांगले चालले. तेव्हा हसू आवरलं.

कंप्युटर नॅव्हिगेशन आलं ते हा अदृश्य बिंदू शोधायला. ग्रेनोबल या फ्रेंच गावात डॉ. सारागालिया यांनी १९९७ च्या जानेवारीत नॅव्हिगेशनने पहिला गुडघा बसवला. (खुब्याच्या बाबतीत अमेरिकेत सॅक्रामेंटोला १९९२ मध्येच 'रोबोडॉक' नावाच्या यंत्राने मांडीच्या हाडात खोबण कोरली होती. त्याआधी त्याने कुत्र्यांचे खुबे केले होते. हे मात्र मी आत्याला सांगितलं नाही.)

मला सगळ्यात आवडलेला भाग हा. मांडीच्या हाडात आणि नडगीत पिना रोवतात, त्यांवर परावर्तक गोळ्यांचा एकेक ट्रॅकर. दोनेक मीटरवर दोन डोळ्यांचा इन्फ्रारेड कॅमेरा. दोन डोळ्यांमुळे खोली कळते, आपल्याला कळते तशीच. मग सर्जन पाय धरून खुब्यात गोल गोल फिरवतो. मांडीवरचा ट्रॅकर हवेत फिरतो, पण मोकाट फिरू शकत नाही, कारण खुबा म्हणजे वाटीतला गोळा. ट्रॅकरचा प्रत्येक बिंदू एका काल्पनिक गोलाच्या पृष्ठभागावर पडतो. त्या सगळ्या बिंदूंपासून सारख्या अंतरावर असलेला बिंदू म्हणजे खुब्याचा मध्य. लीस्ट स्क्वेअर्स! इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला 'हे कुठे वापरणार' म्हणत घोकलेलं गणित. शरीराला न कापता, एक्सरे न काढता, नुसता पाय फिरवून आतला बिंदू सापडतो. मी रात्री साडेबारा वाजता एकटाच 'वा' म्हणालो.

घोटा सोपा, त्याची हाडं बाहेरून चाचपता येतात. गुडघ्यावरचे बिंदू टोकदार कांडीने दाखवत जायचे. मग पडद्यावर आकडे येतात, आणि कापायचा साचा किती अंशात आहे ते कापायच्या आधीच दिसतं. चुकलं तर तिथल्या तिथे सरकवता येतं.

यात मोडण्यासारख्या जागाही आहेत, त्या कुठल्याही सिस्टीममध्ये असतात. पाय फिरवताना कमरेचं हाड हललं तर गोलाचा मध्य सरकतो. कॅमेरा आणि ट्रॅकर यांच्यामध्ये कुणी उभं राहिलं की सिग्नल गुल. पिन सैल झाली तर मात्र गंमत नाही, कारण पडद्यावरचे आकडे तितक्याच आत्मविश्वासाने चुकीचे येत राहतात. वेळही जास्त लागतो.

आजचा रोबो म्हणजे बहुतांशी हेच नॅव्हिगेशन, वर करवत धरणारा किंवा करवतीला हद्दीबाहेर जाऊ न देणारा हात. काही यंत्रांत आधी सीटी स्कॅन काढून त्यावर बेत ठरवतात. डॉक्टर तिथेच असतो, बेत त्याचाच असतो. वाडीतल्या मंडळींना एवढं सांगितल्यावर त्यांची थोडी निराशाच झाली.

आता मुद्द्याचा प्रश्न. याने फायदा होतो का?

इथे मला वाटलं होतं त्यापेक्षा मामला गुंतागुंतीचा निघाला. २००७ मध्ये २९ अभ्यासांची एकत्रित छाननी झाली. ३ अंशांपेक्षा जास्त वाकडे बसलेले पाय सळईच्या पद्धतीत ३१.८ टक्के, नॅव्हिगेशनमध्ये ९ टक्के. आतेभावाला मी हे लगेच पाठवलं असतं तर दीड लाख दुसऱ्या दिवशी गेले असते. पण हा आकडा एक्सरेचा आहे. पाय सरळ आला, हे त्यातून कळतं. माणूस कसा चालतो, हा वेगळा रकाना.

त्या रकान्यासाठी कोरियातल्या डॉ. किम यांचा २०१२ चा अभ्यास बघावा. याची रचनाच इतकी सुंदर आहे की बस. ५२० जण, प्रत्येकाचे दोन्ही गुडघे बदलायचे. एक गुडघा कंप्युटरने, दुसरा नेहमीसारखा. म्हणजे वजन तेच, वय तेच, घर तेच, उतार तोच! सरासरी पावणेअकरा वर्षं पाठपुरावा केला. दुखणं, चालणं, टिकणं, कशातच म्हणावा असा फरक नाही. दोन वर्षं आधी अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकने ३९८ जुने गुडघे पंधरा वर्षांच्या हिशोबाने तपासले होते. तीन अंशांच्या आतले जास्त टिकले असं दिसलं नाही. आणि बेल्जियमच्या बेलमन्स यांनी २०१२ मध्ये २५० धडधाकट तरुण-तरुणींचे पाय मोजले तर ३२ टक्के पुरुष आणि १७ टक्के बायका मुळातच तीन किंवा जास्त अंशांनी बाहेर वाकलेले निघाले. कुणालाही काही त्रास नाही. म्हणजे ज्या 'सरळ'साठी एवढी अवजारं घडवली, ते कित्येकांचं जन्मापासूनच नव्हतं.

मग सगळं फोलच म्हणावं, तर तसंही नाही. ऑस्ट्रेलियात प्रत्येक सांधेरोपणाची राष्ट्रीय नोंद ठेवतात. तिथल्या आकड्यांवरून २०१५ मध्ये दिसलं की ६५ वर्षांच्या आतल्यांत नऊ वर्षांत पुन्हा ऑपरेशन करावं लागण्याचं प्रमाण नॅव्हिगेशनशिवाय ७.८ टक्के होतं, नॅव्हिगेशनने ६.३. छोटा फरक, पण खरा. आत्या अडुसष्ट. झालं, पुन्हा सीमेवर!

आतेभाऊ वैतागला. "हो की नाही, एवढं सांग की रे."

हो-नाही ज्यावर ठरलं ती गोष्ट मला परदेशातल्या अभ्यासांत मिळाली नाही, मुंबईतच मिळाली. डॉ. अरुण मुल्लाजी यांनी भारतात नॅव्हिगेशनने गुडघे बसवायला फार आधीपासून सुरुवात केली. २००७ मध्ये त्यांनी आणि सहकाऱ्यांनी ४६७ गुडघ्यांवरचा तुलनात्मक अभ्यास छापला, एकाच सर्जनच्या हातचा. त्यातही नॅव्हिगेशनने वाकडे बसणारे कमी झाले. पण माझं लक्ष गेलं ते त्यांच्या नंतरच्या कामाकडे. खूप झिजलेल्या, वाकलेल्या गुडघ्यांच्या आपल्याकडच्या माणसांत कित्येकांचं मांडीचं हाडच कमानीसारखं वाकलेलं असतं, आणि तो ५ ते ७ अंशांचा ठरीव कोन माणसागणिक बराच बदलतो. सळई सरळ, हाड वाकडं. हार्डकोडेड कॉन्स्टंट जिथे फसतो ती हीच जागा. सरासरी माणसाला नॅव्हिगेशनने फारसा फरक पडत नसेलही, पण आत्या सरासरी आहे की नाही हे तिच्या मांडीचं हाड बघितल्याशिवाय कसं कळणार? आणि महाडचा एक्सरे होता फक्त गुडघ्याचा.

इथे थोडं विषयांतर, पण महाडचंच. डॉ. हिंमतराव बावस्कर १९७६ साली महाडजवळ बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात आले. कोकणातला लाल विंचू चावून माणसं, मुलं जात होती. त्यांनी रोग्याच्या उशाशी बसून नाडी, रक्तदाब, घाम, सगळं तासातासाला टिपलं. रक्तदाबाचं एक साधं औषध, प्रॅझोसिन, वापरून बघितलं. १९८२ आणि १९८६ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये छापून आलं, दुसऱ्या वेळी पत्नी डॉ. प्रमोदिनी यांच्यासह. २०२२ मध्ये पद्मश्री मिळाली. आमच्या आत्याच्या पिढीला हे सगळं माहीत नाही, "इंचवाचे डॉक्टर" एवढं माहीत आहे. मला ते या सगळ्या वाचनात सारखे आठवत होते, कारण त्यांच्या वहीत शेवटचा रकाना होता तो माणूस जगला की नाही याचा. गुडघ्यात मरणाचा प्रश्न नसतो, म्हणून शेवटचा रकाना काय धरायचा यावरच घोळ होतो. अंश मोजता येतात, म्हणून अंश मोजले जातात. कॅनडात २०१० मध्ये १,७०० हून जास्त लोकांना विचारलं तेव्हा साधारण पाचातला एक जण गुडघा बदलून समाधानी नव्हता, आणि असमाधानाचं सगळ्यात मोठं कारण होतं अपेक्षा पुरी न होणं. तो एकपंचमांश मला तीन अंशांपेक्षा जास्त भीतीदायक वाटला.

मग आत्याला विचारलं, तुला काय यायला पाहिजे?

तिने यादी तयारच ठेवली होती जणू. संडासला बसता आलं पाहिजे. खालच्या खाचरापर्यंत कुणाचा हात न धरता जाता आलं पाहिजे. जोत्याच्या पायऱ्या. आणि गणपतीत खाली बसून मोदक वळता आले पाहिजेत. "धावायचं नाय मला," म्हणाली.

ही यादी घेऊन आम्ही दुसऱ्या एका सर्जनकडे गेलो. त्यांनी आधी खुब्यापासून घोट्यापर्यंतचा उभ्याने काढलेला लांब एक्सरे मागितला. तो समोर लावला आणि मला न सांगताच दिसलं. दोन्ही मांडीची हाडं कमानदार, उजवं जास्त. त्यांनी पट्टीने कोन काढला, उजवीकडे नऊच्या वर आला. "इथे सळईवर विसंबून मी चुकेन," ते सरळ म्हणाले. "नॅव्हिगेशन वापरतो, त्याचे वेगळे फार नाहीत. रोबोने तुमच्या आत्याला आणखी काही मिळेल असं मला वाटत नाही. करायचाच असेल तर करणारे दुसरे आहेत."

मग यादीवर आले. पायऱ्या, हो. खाचर, बहुतेक हो, काठी घेऊन, आणि उतरायला सगळ्यात उशिरा जमेल. खाली मांडी घालून बसणं, आशा ठेवू नका. उकिडवं बसणं, नाही. जास्त वाकणारे सांधे मिळतात, पुण्याच्या डॉ. के. एच. संचेती यांनी तर आपल्या बसण्या-उठण्याचा विचार करून 'इंडस' नावाचा भारतीय गुडघाच तयार केला, पण इतकी वर्षं आखडलेला गुडघा किती वाकेल ते ऑपरेशनआधी किती वाकतो यावर बरंच ठरतं. आत्याचा नव्वदच्या पुढे जेमतेम जात होता. आत्या ऐकत होती. "मोदक वट्यावर वळू मग," म्हणाली.

सांध्याच्या किमतीचं म्हणाल तर २०१७ च्या ऑगस्टपासून त्यावर सरकारी मर्यादा आहे. नेहमीचा कोबाल्ट-क्रोमियमचा सांधा तेव्हा ५४,७२० रुपये अधिक जीएसटी ठरला, त्याआधी सरासरी दीड लाखाच्या वर होता. पण यंत्राचं भाडं त्या मर्यादेत येत नाही, तेव्हा बिलाची प्रत्येक ओळ वेगळी विचारून घ्यावी.

वाचलेल्या दीड लाखाचं काय केलं ते सांगतो, कारण माझ्या मते खरं ऑपरेशन ते होतं. घरात कमोड बसवला. जोत्याच्या दगडी पायऱ्या काढून ठेंगण्या, रुंद केल्या, बाजूला पाईपचा कठडा. वाडीतून रस्त्यापर्यंतच्या वाटेवर सगळ्यात वाईट दोन टप्प्यांत सिमेंटच्या पायऱ्या, त्यासाठी दोघा शेजाऱ्यांनी वाळू फुकट वाहिली. आणि महाडला दोन महिन्यांसाठी खोली भाड्याने घेतली, कारण फिजिओथेरपिस्ट महाडला आणि आत्या वीस मिनिटं वर, हे जमणारं नव्हतं. महिनाभर मीही शनिवार-रविवार तिथे असायचो. सकाळी चवदार तळ्याला एक फेरी, मग व्यायाम, मग शिव्या. (शिव्या फिजिओच्या पोरीला नाही, मला.)

उजवा गुडघा आता ११० अंश वाकतो. वाटीच्या बाहेरच्या बाजूला हाताएवढा भाग बधिर आहे, तो बऱ्याच जणांचा तसा होतो म्हणे. मांडीवर आणि नडगीवर पिनांचे बारीक डाग आहेत. आत्याने ते मला दाखवून विचारलं, "हे काय, डास चावल्यावाणी?" मी लीस्ट स्क्वेअर्सचं सांगितलं, पाय फिरवून, हवेत गोल काढून. तिने पूर्ण ऐकून घेतलं. मग म्हणाली, "म्हंजे कुठं हाय ते ठाऊक नसताना फिरवून फिरवून शोधलंनी."

खाचरापर्यंत ती गेली, सातव्या महिन्यात. चढ सरळ चढली. उतार अजून आडवी होऊन उतरते, उजवा पाय आधी, मग डावा त्याच्या शेजारी, खेकड्यासारखी. डावा गुडघा अजून जुनाच आहे आणि आता तोच मागे ओढतो. आतेभाऊ म्हणतो, पावसाळ्याआधी उरकून टाकू, सुट्टी मिळते. आत्या म्हणते कापणी झाल्यावर. लांब एक्सरेचं पाकीट तिने कपाटात, रेशनकार्डाच्या पिशवीत ठेवलंय, आणि डाव्याचा कोन उजव्यापेक्षा कमी आहे हे तिला आता पाठ आहे. परवा फोनवर विचारत होती, "डाव्याला मग ती सळई चालंल का रे? सोस्त पडंल तर बघ."

डॉक्टरांना विचारायचं आहे.